ओगलेवाडीचा कंदील आणि ट्रकचा इंडिकेटर

सातारा आणि सांगली यांच्या उद्योगांचा इतिहास लिहायचा म्हटले की सुरुवात कारखान्यांपासून होते. किर्लोस्करवाडीचा नांगर, ओगलेवाडीची काच, कूपर यांचे इंजिन आणि स्वातंत्र्यानंतरचे सहकारी साखर कारखाने एवढी नावे घेतली की चित्र पुरे झाले असे मानतात. नाक्यावरचा वायरमन, पत्रा ठोकणारा डेंटर, डाग देणारा कारागीर यांना त्यात जागा नसते. वस्तू कारखान्यात जन्मते आणि दुरुस्ती तिच्या मागून, गरिबीच्या रेट्याने येते, असा समज त्यामागे आहे. निदान या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागतो, असे माझे म्हणणे आहे. इथे दुरुस्तीच्या कामातून बनवणारे हात तयार झाले, आणि मोटारीच्या बाबतीत तर बनवणे कुठे संपते आणि दुरुस्त करणे कुठे सुरू होते हे कित्येक वर्षे सांगता येत नव्हते. हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही. जुन्या ट्रकचा, जीपचा किंवा पिकअपचा पावसाने गंजलेला साईड इंडिकेटर पुरेसा आहे. त्याच्या डबीत, होल्डरमध्ये आणि अर्थिंगच्या नटात या भागाच्या कारागिरीचा बराच इतिहास बसलेला आहे.

दोन्ही जिल्हे 1949 पर्यंत मुख्यतः एकच सातारा जिल्हा आणि त्यात विखुरलेली संस्थाने असे होते. दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कारागिरीचा विचार करताना आजची हद्द मध्ये आणून उपयोग नाही. या पट्ट्यातले सर्वांत बोलके उदाहरण मिरजेचे आहे. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावणारे, पाती उजळणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवई-वादकांची ये-जा वाढली. प्रवासात, दमट हवेत वाद्ये बिघडत. ती नीट करता करता फरीदसाहेब शिकलगार सतारी बनवू लागले, असा मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास तिथले कारागीर सांगत आले आहेत. त्याच परंपरेतल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. त्यांच्या उद्योगाची सुरुवात नांगराने झाली नाही, 1888 मध्ये बेळगावात थाटलेल्या सायकलींच्या दुकानाने झाली. परदेशातून आलेली सायकल विकायची म्हणजे ती जोडून द्यायला हवी, मोडली तर नीट करून द्यायला हवी. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर हे त्यानंतरचे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. सतार आणि सायकल यांच्यात साम्य काही नाही, पण कारागिराची वाट एकच आहे. दुसऱ्याने दुसरीकडे घडवलेली वस्तू मोडक्या अवस्थेत हाती येते. ती खोलायची तर ती अशी का घडवली हे समजून घ्यावे लागते. ते समजले की नवी घडवण्याची हिंमत येते.

आता दिव्याकडे येऊ. कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये काच कारखाना काढला. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याने जी स्वदेशीची धग पेटवली होती, तिच्यातलाच हा पुढचा उद्योग. ओगले ग्लास वर्क्सचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. घराच्या ओसरीवर, गोठ्यात, बैलगाडीच्या जुवाखाली तो टांगलेला असे. कारखाना पुढे बंद पडला, ओगलेवाडी हे नाव राहिले. या कंदिलाची रचना डोळ्यांसमोर आणली तर माझ्या म्हणण्याचा अर्धा पुरावा तिथेच सापडतो. तेलाची टाकी, फिरकीचा बर्नर, वात, काच, काचेभोवतीची तार आणि वर उचलायची कडी हा प्रत्येक भाग स्वतंत्र होता. काच फुटली तर काच आणायची, वात जळाली तर वात. टाकीचा तळ जोडावर गंजून तेल झिरपू लागले तर तो पत्र्याला डाग देणाऱ्याकडे न्यायचा. कंदील टाकून दिला असे सहसा होत नसे. म्हणजे विजेचा दिवा गाडीवर येण्याच्या कितीतरी आधी या भागातल्या घराघराला ठाऊक होते की दिवा ही खोलता येणारी, साफ करता येणारी आणि भागाभागाने बदलता येणारी वस्तू आहे. विकणाऱ्यालाही ते ठाऊक होते. कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी ओगल्यांच्या आणि पुढे किर्लोस्करांच्या मालाचे फिरते विक्रेते होते. पुढे मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्यात कारखाना उभा करण्यातही त्यांचा हात होता. काच आणि नांगर हे दोन्ही धंदे एकाच माणसाने जवळून पाहिले, आणि त्याच माणसाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढून ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली. हाताने काम करणे आणि शिकणे यांत अंतर मानायचे नाही हा विचार या मातीत रुजला, त्याच्या मागे हा अनुभव असणार, असे मला वाटते.

मोटारी आल्या तेव्हा वळणाची खूण दाखवणारा दिवा त्यांच्यावर नव्हताच. अमेरिकेत ब्यूक कंपनीने लुकलुकणारे इंडिकेटर आपल्या गाड्यांवर मोठ्या प्रमाणात आणले ते 1939 च्या सुमाराला. इंग्लंड-जर्मनीच्या गाड्यांत त्या काळी दाराजवळच्या खांबातून बाहेर पडणारा, आत दिवा असलेला छोटा बाण असे. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा हाताच्या खुणांवर उभा होता. चालकाने ठरलेल्या प्रसंगी ठरलेल्या खुणा कराव्यात, आणि वळण्याची किंवा थांबण्याची खूण नेमून दिलेल्या यांत्रिक वा विजेच्या साधनाने केली तरी चालेल, अशी त्याची भाषा होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या डिस्पोजलच्या जीपा आणि ट्रक बाजारात आले. युद्धासाठी बनलेल्या त्या जीपेला इंडिकेटर नव्हते. वळायचे तर एका बाजूला ड्रायव्हर हात बाहेर काढी, दुसऱ्या बाजूची जबाबदारी क्लीनरची. खंबाटकी घाटात रात्री, पावसात, कडेला बैलगाड्यांची रांग असताना या हातांवर किती विसंबायचे, हे ज्याला गाडी चालवायची त्याला लवकर कळत असे. म्हणून दिवे बसवले गेले, आणि ते बसवणारा माणूस कंपनीचा नव्हता. जीपेच्या मडगार्डवर भोक पाडून, वायर ओढून, डॅशबोर्डखाली खटका आणि फ्लॅशर बसवून देणारा वायरमन हाच त्या गाडीच्या इंडिकेटरचा कर्ता.

पुढे देशात गाड्या बनू लागल्या तेव्हाही हा प्रकार थांबला नाही, आणि हा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो, 1954 पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक, महिंद्राच्या जीपा आणि साठच्या दशकातले त्यांचे चपट्या तोंडाचे पिकअप, बजाज टेंपोचा मॅटॅडोर या गाड्या इथल्या रस्त्यांवर धावल्या. यातला ट्रक कंपनीतून बहुधा पुरा होऊन येत नसे. यायची ती चेसिस आणि इंजिनावरचे तोंड. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार, लोहार आणि पत्रेवाला मिळून बांधत. मागचे दिवे त्या हौद्यावर बसत. म्हणजे ट्रकचा मागचा इंडिकेटर हा पहिल्या दिवसापासून गावातल्या माणसाने बांधलेला होता. त्याची वायर कुठून न्यायची, फळीला कुठे खिळवायची, डबी पाण्यापासून कशी वाचवायची हे सगळे त्याने ठरवले. आणि इथे एक अडचण होती, जी कंपनीच्या पुस्तकात सापडण्यासारखी नव्हती. मोटारीत विजेची एकच वायर दिव्यापर्यंत येते, परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडी अंगातून असतो. लाकडी फळीवर बसवलेल्या दिव्याला हे अंगच नाही. त्याला अर्थिंगची वेगळी वायर ओढून चेसिसच्या बोल्टाला आवळावी लागते. तो बोल्ट चाकामागे, चिखलाच्या माऱ्यात. वर्षभरात त्यावर गंज चढतो आणि बल्ब शाबूत, वायर शाबूत, फ्यूज शाबूत असूनही दिवा मरतो. हे ज्याने एकदा शोधून काढले त्याने बोल्ट आवळण्याआधी रंग खरवडणे, दातेरी वॉशर घालणे, वरून ग्रीस फासणे असे उपाय केले. याला दुरुस्ती म्हणायचे की रचनेतला बदल? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच ही दोन कामे वेगळी धरून इतिहास लिहिता येत नाही.

गंजलेला इंडिकेटर नीट करण्याचे काम जवळून पाहिले तर त्यात अंदाजापेक्षा तपासणी किती जास्त आहे हे कळते. समोरच्या दिव्यात पार्किंगचा आणि वळणाचा असे दोन तंतू एकाच बल्बमध्ये असतील आणि साईड दाखवताना पार्किंगचे दिवेही मंद लुकलुकू लागले, तर वायरमन बल्बाला हात लावत नाही. परतीचा रस्ता बंद झाल्याने वीज दुसऱ्या तंतूतून वाट काढते आहे, एवढे त्याला दिसण्यावरून कळते. तो बॅटरीच्या अर्थ टोकापासून एक मोकळी वायर आणून दिव्याच्या डबीला टेकवतो. दिवा भक्कन पेटला की निदान पुरे झाले. मग खोलणे. काचेचे स्क्रू गंजून बसलेले असतात, जोर केला तर डोके तुटते आणि डबीचा कान जातो. डिझेल सोडून ठेवायचे, हलके ठोके द्यायचे, आधी आवळण्याच्या दिशेला किंचित फिरवून मग सोडवायचा. आतल्या होल्डरचे पितळी टोक हिरवे पडलेले असते, स्प्रिंग गंजून दबलेली असते. पॉलिश पेपरने ते टोक उजळायचे, स्प्रिंग बदलायची, वायरच्या टोकाला डाग द्यायचा, डबीला भोक पडले असेल तर पत्र्याचा तुकडा लावून झाळायचे, रेड ऑक्साइड मारायचे, काचेखाली नवे रबरी पॅकिंग घालायचे आणि तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्र ठेवायचे. हे शेवटचे छिद्र नवखा माणूस बुजवतो. पाणी बाहेरून येते तसे रात्रीच्या गारव्याने डबीच्या आतही सुटते, आणि त्याला वाट ठेवली नाही तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम परत दारात येते.

या कामाचा हिशेब आकड्यांतही मांडता येतो. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब 12 व्होल्टचा, 21 वॅटचा. तो पेटला की पावणेदोन अँपिअर वीज घेतो, म्हणजे पेटलेल्या तंतूचा रोध सुमारे सात ओहम. अर्थिंगच्या गंजलेल्या नटाने त्यात एकच ओहम भर घातली तरी बल्बच्या वाट्याला साडेदहा व्होल्टच्या आसपास येतात. व्होल्ट आठवा भाग घटले, पण तंतूचा उजेड त्याहून फार वेगाने उतरतो. तो जवळपास एक तृतीयांश कमी होतो. दुपारच्या उन्हात मागच्या गाडीवाल्याला तो दिसेनासा व्हायला एवढे पुरते. जुना फ्लॅशर तर बल्बने ओढलेल्या विजेच्या उष्णतेवरच चालतो. वीज कमी पडली की लुकलुकणे मंदावते, किंवा दिवा पेटून तसाच राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये आले, त्यांत इंडिकेटर पिवळट नारिंगी रंगाचा असावा आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावा असे ठरवले आहे. ओहमचा हिशेब न मांडताही वायरमन नट घासून नेमका तोच हिशेब जुळवत असतो.

गंजाला या दोन जिल्ह्यांत जी साथ मिळते ती भूगोलाची आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या बाजूला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. एकच गाडी पाटणच्या खोऱ्यातून माल भरून जतच्या माळावर रिकामी होते. ओल आणि धूळ यांचे थर तिच्या सांध्यांत आलटून पालटून बसतात. त्यात ऊसवाहतुकीचे वेळापत्रक. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यानंतर ट्रॉल्या आणि कित्येक ट्रक सगळा पावसाळा उघड्यावर उभे. चालत्या गाडीचा सांधा थोडाफार घासला जातो, उभ्या गाडीत ओल मुरत राहते. म्हणून वायरमनच्या कामाचा खरा हंगाम दसऱ्याच्या तोंडावर येतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते त्या आठवड्यात गाडीचे दिवे पेटते करून घेण्याची घाई असते. कृष्णेच्या महापुरांनी तर हे काम वेगळ्याच पातळीवर नेले. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन खोलून धुता येते, पण वायरींच्या जोडांत शिरलेला गाळ पुढे कित्येक महिने एकेक दिवा बंद पाडत राहतो. डबी उघडणारी होती त्या जुन्या गाड्यांतून तो गाळ काढता आला. डिंकाने बंद केलेल्या नव्या दिव्यांना बदलण्यावाचून इलाज नव्हता.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. परवान्यांच्या काळात गाडी मिळायला नंबर लावावा लागे, सुटे भाग महाग आणि दुर्मिळ होते, म्हणून लोक जुनेच दिवे झाळत बसले. टंचाई गेली की ही कारागिरीही जाणार, तिच्यात परंपरा वगैरे पाहणे व्यर्थ आहे, असा हा युक्तिवाद. टंचाईने कामाला जोर आला हे मी नाकारत नाही. पण कालक्रम या युक्तिवादाच्या बाजूने नाही. शिकलगारांची सतार, किर्लोस्करांची सायकल, ओगल्यांचा कंदील हे सारे परवान्यांच्या राज्याआधीचे. उलट 1991 नंतर बाजार खुला झाला, नवी गाडी पैसे मोजले की मिळू लागली, तरी कराड, पेठ नाका, मिरज इथली वायरमनची दुकाने मिटली नाहीत. लोखंडी डबीचे काम घटले ते प्लास्टिकच्या आणि पुढे एलईडीच्या बंद दिव्यांमुळे. सुबत्तेने ते काम मारले असते तर ज्याच्या हाती पैसा आला त्याने आधी दुरुस्ती सोडली असती. तासगावचा द्राक्षबागायतदार सधन आहे, पण रात्री माल भरून मुंबईला निघणाऱ्या पिकअपचा दिवा बंद पडला तर त्याला सकाळी उघडणारे शोरूम नको असते, तेव्हाच्या तेव्हा दिवा पेटवून देणारा माणूस हवा असतो. म्हणजे दुरुस्तीची गरज पैशाच्या अभावातून जितकी येते तितकीच वेळेच्या निकडीतूनही येते. नाशवंत माल, दूध आणि ऊस यांच्या मुलखात ही निकड कायमची आहे.

दुसरा आक्षेप असा की वायरमन काय फक्त सातारा-सांगलीतच आहेत? लुधियाना, राजकोट, नमक्कल इथे त्याहून मोठी गॅरेजे आहेत. खरे आहे. इथला वायरमन इतरांहून अधिक हुशार आहे असा माझा दावाच नाही. माझा दावा नात्याविषयी आहे. राजकोटच्या ऑइल इंजिनांचा किंवा लुधियानाच्या सायकलींचा इतिहास कोणी उकलला तर तिथेही दुरुस्ती आणि उत्पादन यांची अशीच गुंफण निघेल, आणि निघावी. पण इथे हे नाते विशेष स्पष्ट दिसते, कारण थोड्याशा टापूत वाद्य, नांगर, काच, इंजिन आणि मोटार असे एकमेकांशी संबंध नसलेले धंदे जवळजवळ उभे राहिले. सांगलीत 1947 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्याला पुढे वालचंदांचे नाव मिळाले. त्याला हा टापू परका नव्हता. मला खंत आहे ती एवढीच, की पदवीच्या वर्गात मोटारीची वीज शिकवणारे आणि नाक्यावर गंजलेला नट घासणारे यांची गाठ अभ्यासक्रमाने कधी घालून दिली नाही. अर्थिंगच्या सांध्यातला रोध हा प्रयोगशाळेत शिकवण्याजोगा विषय आहे, आणि त्याचे शेकडो नमुने महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर रोज खोलले जात होते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. दुरुस्तीची एवढी थोरवी असेल तर उसाच्या ट्रॉल्या अंधारात का धावतात? हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून माणसे दगावतात, हे या दोन जिल्ह्यांचे दर हिवाळ्याचे दुःख आहे. इथे टाळाटाळीचे उत्तर देणे अप्रामाणिक होईल. ही दुरुस्तीच्या परंपरेची हारच आहे, पण तिचे कारण पाहायला हवे. ट्रकचा मालक आणि त्याचा दिवा यांचे नाते वर्षभराचे असते. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या रोज जोडल्या आणि सोडल्या जातात, एका ट्रॅक्टरच्या दुसऱ्याला लागतात. दिव्याची जोडणी प्लगवर अवलंबून, आणि तो पहिल्या आठवड्यात चिरडला जातो. त्याहून मोठा दोष अर्थिंगचा. वेगळी वायर नसेल तर वीज ट्रॉलीच्या हुकातून आणि पिनेतून परत येते. हा सांधा सतत हलता, धुळीने भरलेला, गंजलेला. प्रत्येक खड्ड्यात तो सुटतो आणि दिवा विझतो. ड्रायव्हर मागे वळून पाहत नाही, पाहिले तरी वीस टन उसाच्या पलीकडचा दिवा त्याला दिसत नाही. ट्रकच्या लाकडी हौद्यावरची जी अडचण वायरमनने पन्नास वर्षांपूर्वी वेगळी अर्थ वायर ओढून सोडवली, तीच ट्रॉलीवर सुटली नाही. ट्रॉलीला कोणी कायमचा धनी नसतो आणि दिवा कोणाच्या हिशेबात धरायचा हे ठरलेले नसते. कारागिरी असून भागत नाही, ती कोणी तरी मागावी लागते. परावर्तक पट्ट्या चिकटवण्याच्या मोहिमा निघतात त्या चांगल्याच आहेत, पण चिखलाने माखलेली पट्टी उजेड परत फेकत नाही आणि ट्रॉली वळणार आहे हे ती सांगू शकत नाही.

जुन्या गाड्या भंगारात काढा म्हणजे जुने दिवे आपोआप जातील, असेही म्हटले जाते. 2021 च्या वाहन भंगार धोरणाने या विचाराला बळ दिले. धूर सोडणारे, ब्रेक न लागणारे वाहन रस्त्यावरून जायलाच हवे. मात्र दिव्यापुरते बोलायचे तर नियम वयाविषयी काही म्हणत नाही. तो रंग, वेग आणि दिसणे यांविषयी बोलतो. उजळ होल्डर, घट्ट अर्थ आणि स्वच्छ काच असलेला चाळीस वर्षांचा दिवा कराडच्या किंवा सांगलीच्या पासिंगला तितकाच लायक आहे. तडा जाऊन आत पाणी भरलेला दोन वर्षांचा बंद दिवा तसा नाही. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन क्षेत्रे त्यात घेतली. त्या कामात कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुटे भाग द्यावेत यावर भर आहे. त्याच्या जोडीला एक साधी अट हवी. दिव्याची काच स्क्रूने सुटावी आणि वेगळी विकत मिळावी. प्रभाकर कंदिलाची मिळत होती, तर ट्रॅक्टरच्या दिव्याची मिळायला तांत्रिक अडचण कोणती?

आणि ट्रॉल्यांचे उत्तर तर याहून जवळ आहे. साखर कारखाने पावसाळ्यातच ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार करतात, उचल देतात. त्याच कराराच्या कागदात तीन ओळी घालता येतील. ट्रॉलीला चेसिसपासून प्लगपर्यंत वेगळी अर्थ वायर असावी, मागचे दोन्ही इंडिकेटर उघडता येणाऱ्या डबीचे असावेत, आणि उचलीतली ठरावीक रक्कम दसऱ्याआधी वायरमनचे बिल दाखवल्यावर मिळावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी तंत्र लागत नाही. काम करणारे हात प्रत्येक नाक्यावर आहेत, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांना काम कमीच असते.